ठकीची खाट

मुलीला निजायला वेगळी खाट आहे का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा लाडकीने नाही म्हटलं. डोंगरातल्या तिच्या झोपडीत सगळे चुलीच्या उबेला, भुईवरच निजत. तिची भाची ठकीही राहायला आली की मावशीच्या कुशीत शिरायची. पण ठकीचे आईबाप एकाच आठवड्यात तापाने गेले, तेव्हा लाडकी कामासाठी परगावी होती. कुणीतरी पोरीला पालघरला याच साहेबांच्या अनाथाश्रमात पोचवलं, आणि आता सख्ख्या मावशीला भाची हवी तर आधी खाट हवी होती. मायेला चार पाय लागतात हे लाडकीला नवीनच होतं.

खाट करा, मग बघू, असं साहेब म्हणाले. मोठ्या माणसांच्या ‘बघू’चा अर्थ डोंगरात कुणी शिकवत नाही.

तिच्या नवऱ्याने, भिकाने, लाकूड तासलं. लाडकीने अंबाडीची दोरी वळली, तळहात सोलवटले. खाट झाल्यावर शेजारी बघायला आले, पण बसायला कुणी धजेना. ती ठकीची होती. साहेब काही डोंगर चढून येणार नाहीत, म्हणून लाडकीने खाटच डोक्यावर घेतली आणि पालघर गाठलं.

साहेबांनी खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलगी बोईसरला चांगल्या घरी सांभाळायला दिली, म्हणाले. पक्कं घर, घरात पलंग.

लाडकी तशीच, खाट डोक्यावर घेऊन, बोईसरला गेली. घर चंद्रभान मुकादमाचं. तो तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होता. मागच्या दारी सात वर्षांची ठकी भांडी घासत होती, बोटांना राखेने चिरा पडल्या होत्या. पलंगावर मुकादमाची मुलं निजत, ठकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गोणपाटावर. लाडकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तिने मुकादमाच्या बायकोपुढे, रत्नाबाईपुढे, हातच जोडले. साहेबांच्या सहीशिवाय पोर देता येत नाही, असं रत्नाबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

“मंग ही खाट तरी राहू द्या, बाई. तिचीच हाय.”

रत्नाबाई हो म्हणाली. ठकी ओले हात फ्रॉकला पुसून लगेच खाटेवर आडवी झाली आणि एका कडेला सरकली. तिने मावशीसाठी जागा केली होती. तेवढ्यात आतून हाक आली आणि ती उठून गेली.

उन्हाळ्यात लाडकी करवंदं घेऊन पुन्हा आली. खाट अंगणात होती, तिच्यावर पापड वाळत होते. ठकी खाली सावलीत काठी घेऊन बसली होती, कावळे हाकायला. खाटेवर निजतेस ना, असं लाडकीने विचारलं. ठकीने मान हलवून नाही म्हटलं. तिला दुसरंच काही विचारायचं होतं.

“मावशी, खाट तू हितं ठेवलीस. आता आपल्या घरी खाट नाय. मंग साहेब मला कशी देईल?”

लाडकी तिला पोटाशी धरून रडली. ठकी रडली नाही. तिचं लक्ष पापडांकडे होतं.