उलट्या चाव्या

रोज सकाळी बुद्धवंदना झाली की मी ह्यांच्या खाटेपाशी बसून पंचशील म्हणते. पक्षाघातात ह्यांचा डावा हात गेला, बोलणं तेवढं राहिलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. इतक्या वर्षांत ते मला कधी जड गेलं नव्हतं.

हे गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचे. गिटार जुनी, परदेशी. कोरेगाव पार्कात राहणाऱ्या एका गोऱ्या माणसाने देश सोडताना दिलेली. ह्यांचा हात गेल्यावर ती रतन वाजवू लागला. रतन ह्यांचा शिष्य, आमच्याच विश्रांतवाडीतला, याच गिटारवर शिकलेला. रोज संध्याकाळी यायचा, खाटेशेजारी बसून वाजवायचा. हे डोळे मिटून ऐकायचे. दिवसभरात ह्यांना तेवढंच होतं.

यंदा भीमजयंतीच्या कार्यक्रमांसाठी रतनने गिटार घरी नेली. मग त्याचं येणं थांबलं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्याने ती भाच्याच्या हाती परत पाठवली. पुसताना एक तार खरखरली, म्हणून मी गिटार रिक्षात घालून बुधवार पेठेत तालिबभाईंकडे नेली. ह्यांची गिटार नेहमी तेच बघतात.

त्यांनी तार पिळायच्या चावीला हात लावला आणि थांबले. मग पुन्हा फिरवली. या गिटारच्या जुन्या चाव्या उलट्या फिरायच्या, म्हणाले, आणि या सरळ फिरतात. तारा ज्या नळ्यांवर टेकतात त्याही त्यांनी दाखवल्या. जुन्यांवर स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक खाचा होत्या, यांच्यावर तारेपुरती एकेकच. जुन्यासारखं दिसावं म्हणून हल्ली असं सामान नव्याने काढतात. मुद्दाम मळवलेलंही मिळतं, आणि अस्सल जुन्याला मोठी किंमत येते.

"भाभी, माल वाईट नाही," ते म्हणाले. "पण हे सामान साहेबांचं नाही."

एखादी चावी तुटली असेल, असं मी म्हटलं. चारही कशा तुटतील, असं त्यांनी विचारलं नाही. नवी तार चढवली आणि गिटार पिशवीत घालून दिली.

येताना मला राग आला नाही, रडूही आलं नाही. आळंदी रोडवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत आले.

तालिब काय म्हणाला, हे ह्यांनी विचारलंच. मी म्हटलं, तार बदलली. हे खरंच होतं. "एवढंच?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही. पण आत्ता विचारू नका." मी खरं सांगितलं असतं तर रतन आमच्यापासून तुटला असता. खोटं मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मी गिटार खाटेशेजारी ठेवली आणि रतनला निरोप पाठवला. तो आला. तब्येत विचारली, माझ्या हातचं पाणी प्यायला. हे म्हणाले, आधी सुरात लाव.

त्याने गिटार मांडीवर घेतली. तार उतरलेली होती. त्याने चावी सरळ फिरवली, न थबकता, आणि सूर चढून जागेवर आला. मग दुसरी, मग तिसरी. नऊ वर्षं याच गिटारवर उलटी चावी फिरवलेला हात एकदाही चुकला नाही.

हे त्या हाताकडे बघत होते.

"रतन, काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही, काका."

"बरं. वाजव."

त्याने वाजवलं. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. मी चहा ठेवला, त्याने तो पिऊन कप स्वतः विसळला आणि उद्या येतो म्हणाला.

तो गेल्यावर हे म्हणाले, "तालिबचं आता सांगू नकोस."

"बरं."

"आणि उद्या त्याच्यासाठी पोहे कर. उपाशीच येतो तो."

सकाळी वंदना झाली. पंचशील म्हणताना दुसरं आलं, चोरी न करण्याचं, मग तिसरं, मग चौथं. हे खाटेवरून माझ्याबरोबर पुटपुटत होते. पाचवं झालं तशी मी उठले आणि संध्याकाळसाठी पोहे निवडायला घेतले.