उजवीकडची गिरकी

मॅडमना रांगेत वाकडं काही खपत नसे. स्केट्सच्या नाड्या, केसांचे अंबाडे, मुलींच्या माना, सगळं कसं सुतासारखं सरळ हवं. आणि नेमकी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एक मुलगी, जिला रिंकवर सगळे भिंगरी म्हणत, उजवीकडे फिरायची. बाकी सगळ्या डावीकडे.

एरवी हे चालून जात होतं. पण यंदाच्या कार्यक्रमाचा शेवट मॅडमनी असा बसवला होता, की सहाजणींनी एका ओळीत, एकाच वेळी लेबॅक घ्यायची. लेबॅक म्हणजे पाठ मागे वाकवून घेतलेली गिरकी. एक पाय बर्फावर, दुसरा मागे अलगद उघडलेला, डोकं मागे सोडून दिलेलं, हात वर. भिंगरीसारखी लेबॅक रिंकवर कुणाचीच नव्हती, हे तिच्याशी अबोला धरलेल्या मुलींनीही कबूल केलं असतं. तिची पाठ कमरेत मोडल्यासारखी वाकत नसे. ती खांद्यांपासून हळूहळू उलगडत जायची, आणि वेग कितीही वाढला तरी चेहरा सुट्टीच्या दिवशी उन्हात पडून राहिलेल्या माणसाचा. तिची आत्या रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवत असे. फाटकाशी गाडीत बसून ती दर वेळी बघायची आणि दर वेळी म्हणायची, "अगं, पोटात कसंतरीच होतं बघ. छान कसंतरी!"

मॅडमच्या पोटात मात्र वेगळंच काही व्हायचं. "पाचजणी डावीकडे आणि तू एकटी उजवीकडे," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटेल चुकली. डावीकडे शीक, नाहीतर ओळीतून बाहेर."

भिंगरीने मन लावून प्रयत्न केला. पण डावीकडे तिची पाठ वाकायलाच तयार नव्हती. मान लाकडासारखी व्हायची, मागचा पाय लोंबायचा आणि गिरकी जागा सोडून भटकत कठड्यापर्यंत जायची. पडून पडून नितंब काळेनिळे झाले. ते एक वेळ सोसलं असतं, पण आता तिची उजवीकडची गिरकीही बिघडायला लागली. पाठ मागे टाकायच्या ऐन क्षणी अंग विचारायचं, आता कुठे? एका दुपारी आत्याने फाटकातून पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. भिंगरीला ते पडण्यापेक्षा जास्त लागलं. आपली एकमेव सुंदर गोष्ट आपल्याच हाताने मोडून टाकायला निघालोय आपण, असं तिला वाटलं.

रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी लिंबूटिंबूंचा वर्ग होता. भिंगरी तिथे मदतीला असायची. पडलेल्यांना उठवायचं, रडणाऱ्यांची नाकं पुसायची. मॅडम पोरांसमोर तोंड करून उभ्या राहिल्या, हात पसरले आणि डावीकडे फिरल्या. "करा माझ्यासारखं."

पोरं फिरली. बरीचशी शेजारच्याकडे बघून, शेजारचा त्याच्या शेजारच्याकडे बघून. सगळ्यांत पुढे एक पिटुकली होती. तिला बघायला शेजारी कुणी नव्हतंच. मॅडमवरची नजर न काढता ती फिरली, उजवीकडे.

"उलटं!" मॅडमनी तिला खांद्याला धरून गर्रकन दुसरीकडे वळवलं. पिटुकलीचा चेहरा एवढासा झाला.

भिंगरी बघतच राहिली. ती एवढीशी असताना तिच्याही खांद्याला असंच धरलं होतं, याच जागी. तीही तेव्हा सगळ्यांत पुढे उभी राहायची. मॅडम तिला फार आवडायच्या म्हणून.

"मॅडम, ती उलटी फिरली नाही," भिंगरी म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "तुम्ही तिच्यासमोर तोंड करून उभ्या आहात. तुमचा हात ज्या बाजूला गेला, त्याच बाजूला तिचाही गेला. आरशात बघून करावं तसं. मीसुद्धा तेच केलं होतं."

काचेपलीकडे बसलेल्या आयांनी माना वर केल्या. मॅडमच्या कपाळावर आठी चढली. "आता तू मला शिकवणार?"

"नाही. तुम्हीच काय शिकवलंत ते सांगतेय."

"संध्याकाळी डावीकडे फिर," मॅडम थंडपणे म्हणाल्या, "नाहीतर ड्रेस काढून ठेव."

संध्याकाळी सहाजणी निळ्या ड्रेसमध्ये ओळीत उभ्या राहिल्या. संगीत शेवटाकडे आलं. पाचजणी डावीकडे वळल्या. भिंगरीने उजवा पाय रोवला, हात उघडले आणि ती आपल्या बाजूला सुटली. खांदे, मग पाठ, मग डोकं. छतावरचे दिवे तिच्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळून गेले. अंगाने या वेळी काही विचारलं नाही.

संगीत बंद पडलं. मॅडमनीच केलं असणार. बाकीच्या थांबल्या. भिंगरी थांबली नाही. तिने हात आणखी वर नेले, पाठ आणखी सोडली, आणि त्या शांततेत फक्त पात्याचा बर्फावर घासण्याचा आवाज येत राहिला. गिरकी पुरी झाली तेव्हाच ती सरळ झाली, नीट शेवटाची पोज घेऊन.

"ड्रेस," मॅडम म्हणाल्या.

"घामाचा झालाय. धुऊन देते," भिंगरी म्हणाली आणि बाहेर गेली. कपडे बदलायच्या खोलीत ती पोटभर रडली. पण पश्चात्ताप म्हणून नाही. परत सांगितलं असतं तर परत तेच केलं असतं.

मग आत्याची गाडी बर्फावर आली. कडेकडेने फिरत तिने सगळं रिंक काचेसारखं केलं, फक्त मधला एक वाटोळा तुकडा सोडून.

"अहो, ते मधलं राहिलं!" मॅडम कठड्यावरून ओरडल्या.

"राहिलं नाही, ठेवलंय."

"मी तक्रार करीन."

"करा की. ऑफिस तिकडे आहे," आत्या म्हणाली आणि गाडी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी लिंबूटिंबूंच्या वर्गाला आली. तिला ओळीतून काढलं होतं, वर्गातून नाही. मॅडम तिच्या आधीच आल्या होत्या आणि त्या वाटोळ्या तुकड्याशी वाकून उभ्या होत्या. बर्फात भिंगरीच्या पात्याची वर्तुळं उमटली होती, एकावर एक बसलेली, एकही बाहेर भरकटलेलं नाही. त्या बराच वेळ बघत होत्या. भिंगरीला त्यांनी ओळख दाखवली नाही.

पोरं जमल्यावर मॅडमनी त्यांच्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "हं, आता करा माझ्यासारखं."

पोरं डावीकडे फिरली. पिटुकली मधेच थांबली. तिने भिंगरीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि उजवीकडे फिरली.

मॅडमनी खांद्यावरून मागे वळून पाहिलं. भिंगरी पुढे सरकली. या वेळी पिटुकलीच्या खांद्याला हात लागला असता, तर तिने मॅडमचा हात धरला असता.

"हनुवटी वर," मॅडम पिटुकलीला म्हणाल्या. "आणि पाठ सोड. घाबरतेस काय?"