डाव्या हाताच्या चालीची रोटी

रुख्मावहिनीच्या रोटीबद्दल मी काही वाढवून सांगत नाही. चुलीवर मडकं पालथं घालून त्यावर रोटी टाकणाऱ्या बाया आमच्या आंजी गावात पुष्कळ. पण वहिनीची ओली कणीक हातांवरून घरंगळत कोपरापर्यंत जायची आणि मडक्यावर पडेस्तोवर इतकी पातळ व्हायची, की तिच्यातून मी एकदा सबंध पेपर वाचला. फक्त निधनवार्तांना तूप लागलं. गावजेवणाच्या भंडाऱ्यात तीस वर्षं पहिली रोटी तिचीच.

मागच्या दिवाळीत ती कैलासच्या, म्हणजे लेकाच्या, गाडीवरून पडली. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त साकळलं. दवाखान्यातून वहिनी घरी आली, डावा हात मात्र आला नाही. म्हणजे खांद्याला होता, पण पाहुण्यासारखा. कामाचं नाव काढलं की आखडायचा. वर मानेत कळ. भंडारा चैत्रात. पंचांनी अल्लीपूरच्या रोटीवाल्या भागीरथाबाईला निरोप धाडला, "तयारीत राह्यजो." त्या दिवशी वहिनी जेवली नाही.

कैलासचा सगळा विश्वास जोरावर. त्यानं आढ्याला कप्पी बांधली, आईचा हात दोरात अडकवला आणि विहिरीतून बादली काढावी तसा वर ओढला.

"लाव जोर, आई."

वहिनीनं जोर लावला. हाताचं लाकूड झालं, आणि कैलासला अशा शिव्या बसल्या की शेजारची म्हैस आटली.

मग वर्षाली आली. वर्ध्याची पोरगी, फिजिओथेरपी शिकलेली. दर मंगळवारी नि शुक्रवारी स्कूटीवर यायची. तिनं आधी कप्पी काढायला लावली. मग चटई अंथरून वहिनीला आडवं केलं.

"आजी, हात उचलायचा नाही. उचलतो असं फक्त मनात आणा. दुखायच्या आधीच थांबा."

"अन् मंग?"

"मग आराम."

"आरामासाठी वर्ध्यावरून आलीस, बाई?"

माझी कंबर बारा वर्षांपासून दुखत होती, म्हणून शेजारी दुसरी चटई मी टाकली. खरं सांगायचं तर वर्षालीच्या चहासोबत बिस्किटं निघायची.

"आबाजी, घाई नका करू," ती मला म्हणाली.

"मी तर हललोच नाई."

"तेच. तुम्ही न हलायचीही घाई करून राह्यले."

आम्ही इतके सावकाश हलू लागलो, की तिसऱ्या आठवड्यात साळुंकीनं वहिनीच्या उघड्या पंजात काड्या आणून ठेवल्या. खोटं वाटत असेल तर साळुंकीला विचारा. पण पंजा उघडा होता, हे तर वर्षालीनंही पाहिलं.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आता उजव्या हाताला डाव्याकडून शिकू द्या. डावा जेवढा हलतो, तेवढाच उजवा हलवा."

"चांगल्यानं लंगड्याची नक्कल करायची?"

"सोबत चालायचं आहे, आजी. मग थांबणार कोण?"

 त्या दिवसापासून चहाची बशीही वहिनी दोन्ही हातांनी धरू लागली.

भंडाऱ्याच्या दिवशी मडक्यापुढच्या पाटावर भागीरथाबाई बसली होती. वहिनी समोर जाऊन उभी राहिली.

"पहिली रोटी माही. फाटली तर उठून जातो."

भागीरथाबाई सरकली. वहिनीनं कणीक हातावर घेतली. तेवढ्यात मागून कैलास म्हणाला, "लाव जोर, आई."

खांदा थेट कानाला भिडला, कणीक राखेत पडली.

"राहू दे बाई," भागीरथाबाई हळूच म्हणाली, "मी हाव नं."

"फाटली तर म्हणलं होतं. हे तर पडली." वहिनीनं नवा गोळा घेतला. "कैलास, तू पाणी वाढाले जाय."

मग तिनं डोळे मिटले. तीस वर्षं पळत आलेला उजवा हात थांबला. डावा थोडा आला, तेवढाच उजवा गेला. कणीक लोंबू लागली. एवढा वेळ लागला की पंगतीतल्या एका लेकराला तेवढ्यात दात आले. शेवटी रोटी मडक्यावर उतरली. नेहमीपेक्षा वीतभर लहान, पण सबंध.

भागीरथाबाईनं ती भाजून उचलली आणि उजेडाकडे धरली.

"पलीकडचा कैलास दिसून राह्यला."

तिनं पाट सरकवून अर्धी जागा वहिनीला दिली. पुढच्या साऱ्या रोट्या दोघींनी टाकल्या. तिच्या पाच झाल्या की वहिनीची एक. लोकांनी वहिनीच्या रोटीसाठी ताटं अडवून धरली.

आवराआवर करताना भागीरथाबाई खांदा चोळत वहिनीजवळ आली.

"ते पोरगी मंगळवारी किती वाजता येते व?"

आता ओसरीवर तीन चटया पडतात. बिस्किटं मात्र तेवढीच निघतात.