बाहीवरची लाल पट्टी
हात धुवायला बाह्या वर सारायला गेले आणि उजव्या बाहीवर लाल पट्टी चिकटलेली दिसली.

बंदुका दुरुस्तीचं आमचं दुकान. बाबांपासूनचा नियम असा, की रायफलीच्या दुर्बिणीची चकती जो फिरवेल, त्यानंच तिच्यावर लाल पट्टी लावायची. काल दादाच्या रायफलीची चकती मी फिरवली. दादा जंगलखात्यात नेमबाज. वरच्या खिंडीत अस्वलानं दोन मेंढपाळ फाडले, म्हणून त्याला धाडलंय. तिथं हवा विरळ. इथं बरोबर बसणारी गोळी तिथं वर जाते, म्हणून मी नेम तेवढा खाली घेतला. पट्टी कापली, क्षणभर बाहीला लावली, आणि तेवढ्यात दादा दारात. "आटप गं म्हातारे!" मग काय, मीही तोंडाला तोंड दिलं. भांडणात पट्टी राहिली ती राहिलीच.

पट्टी दिसली नाही म्हटल्यावर दादानं वर जाऊन स्वतः चकती फिरवलीच असणार. म्हणजे नेम दुप्पट खाली. गोळी छातीत न बसता पायात बसणार. जखमी अस्वल पळत नाही, अंगावर येतं. दुसरी गोळीही खालीच जाणार. आणि दादाचा गुडघा तो तसला अधू, पळणार कुठे, कपाळ!

मी अनवाणीच जंगलखात्याच्या ऑफिसात धावले. वायरलेसवाल्या काकांनी हात आडवा घातला.

"अस्वल समोर आलंय. त्याला बोलता येणार नाही, नुसतं बटण दाबेल. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

"माझं बोलणं त्याच्या कानात जाईल ना? मग द्या इकडे!"

माईक मी हिसकावलाच. "दादा, चकती तू फिरवलीस?"

टक.

"अरे, मीही फिरवली होती! आता तिला हात लावू नकोस, हललास की त्याला दिसशील. नेम एक वीत वर धर."

टक टक.

"नाही काय नाही? ऐक रे, शहाण्या!" मला रडूच फुटलं. डोळे पुसायला हात वर केला आणि माझाच पंजा दिसला, एवढासा. दादाचा पंजा म्हणजे सूप. त्याच्या वितीनं धरलं तर गोळी छाती चुकवून वर जाईल, म्हणूनच नाही म्हणतोय.

"माझी वीत, दादा! तुझी नव्हे, माझी!"

टक.

खिंडीतला बार इथवर ऐकू येत नाही. यंत्र नुसतं खरखरत राहिलं. काका माझ्याकडे बघेनात.

"दादा, आहेस ना रे?"

खरखर.

"म्हातारी म्हण, काहीही म्हण. पण आहेस ना?"

टक टक.

"मेल्या!" मी किंचाळले आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले.