ठकीची पहिली मोकळी झेप

संस्थान विलीन झालं, शिकारखान्याला कुलूप लागलं, आणि शिकारी पक्षी तयार करणारा सहदेव बाजदार ठाण्याला, कोपरीत, बहीण विमलाआक्काकडे आला तो एक चामडी हातमोजा आणि ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची टोपी घेऊन. उभ्या जन्माची विद्या, आणि ठाण्यात तिला कुत्रं विचारत नव्हतं. गोदामावर पहारा करायचा, विमलाआक्काची बोलणी खायची, झालं.

मग काळुराम आला. मिठागरावर राबणारा, दोन लेकरांचा बाप. बदकांसाठी लावलेल्या जाळ्यात त्याला ससाण्याची तरणी मादी सापडली होती. ती फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "वस्ताद, मला शिकवा."

सहदेव हरखला. आपल्याबरोबर ही विद्याही सरणावर जाणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. मादीचं नाव ठकी ठेवलं आणि शिकवायला लागला. भुकेला पक्षीच परत येतो, हा पहिला धडा. रोज छातीचं हाड बोटाने चाचपायचं; ते मांसात बुडालेलं लागलं, तर त्या दिवशी पक्षी सोडायचा नाही.

काळुरामचा हात गुणी निघाला. तिथेच सगळं बिनसलं. सहदेवच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, मनगट थरथरायचं, आणि ठकीला ते खपत नसे. एकदा तर त्याच्या हातावरून उठून ती सरळ काळुरामच्या हातावर जाऊन बसली. मेली चोंबडी. सहदेव हसला खरा, पण मनातून जळाला.

शिकारखान्याचा रिवाज असा, की ज्याच्या हातून पक्षी पहिल्यांदा दोरीशिवाय उडून परत येईल, पक्षी त्याचा. तो दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी सहदेव पडवीत ठकीजवळ बसला आणि तिला कबुतराचं मांस चारत राहिला, ती तोंड फिरवीपर्यंत. काय होणार होतं? उद्या ती बांधावरच्या बाभळीवर बसून राहील, काळुरामचं ऐकणार नाही, अन् दुपारी भूक लागली की आपल्या हाकेला येईल, आपली होईल. एवढंच त्याला हवं होतं. म्हातारपणी माणसाला असली बुद्धी का सुचते, देव जाणे.

सकाळी मिठागराच्या बांधावर काळुरामने ठकीची छाती चाचपली आणि थबकला. "वस्ताद, हाड लागत नाय. आज नको."

"चार दिवसांत तू मला शिकवणार? सोड."

काळुरामने टोपी काढली, हात उंच केला. ठकी उडाली. तिने बाभळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काळुराम हाका मारत राहिला, सहदेवनेही घसा कोरडा केला, आणि ती खाडीपार तिवरांच्या झाडीत दिसेनाशी झाली. पायांत चामडी वाद्या होत्या. त्या फांदीत अडकल्या की पक्षी उलटा लटकून मरतो, हे सहदेवला ठाऊक होतं.

ओहोटी लागल्यावर काळुराम कमरेएवढ्या चिखलात शिरला. ऊन कलताना परतला. ठकी त्याच फडक्यात होती, मान टाकलेली. सहदेवने तिचा गळा चाचपला. कालचा घास अजून पुरता जिरलाही नव्हता.

"माझंच चुकलं," काळुराम म्हणाला. "हाताला कळलं होतं. माझ्या हातावर विश्वास ठेवायला पाहिजे होता. मला नाय जमायची ही विद्या."

सहदेव गप्प बसला असता, तर त्याची अब्रू राहिली असती. पण मग हे पोर जन्मभर आपल्याच हाताला खोटं म्हणत राहिलं असतं.

"तुझा हात बरोबर होता," तो म्हणाला. "काल मीच तिला चारलं. पोट भरून."

काळुरामने त्याच्याकडे बघितलं. मग हातमोजा काढला, वस्तादाने शिकवला होता तसा आतून पुसला आणि बांधावर ठेवला. ठकीला उचलून तो मिठागराच्या वाटेला लागला.

"काळुराम, उद्या येशील ना रे?"

तो मागे वळला नाही.