ताईंची शाल

दाराला रंधा मारता मारता सुतार कोसळला. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं, पण शुद्ध काही आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला कॉटजवळ नेलं. घशात श्वासाची नळी, अंगाखाली गार पाणी खेळवणारी गादी.

"हृदय बंद पडल्यानं मेंदूला आधीच मार बसलाय. ताप वाढला तर उरलंसुरलंही जाईल. थोडे कुडकुडतील, त्याचं औषध चालू आहे. अंगावर काही म्हणजे काही घालायचं नाही."

तिनं बाहेर येऊन नणंदेला शब्द न् शब्द सांगितला. नणंद थोरली. आई गेल्यावर भावाला तिनंच वाढवलं होतं, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

भेटीच्या वेळी दोघी आत गेल्या. सुताराची हनुवटी थडथडत होती.

"मासळी ठेवतात तसा गारठवलाय माझ्या भावाला," नणंद म्हणाली. "आणि तू नुसती बघत उभी!"

"ताई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना..."

"त्यांचा कोण लागतो तो? तुझा नवरा आहे, तुझ्या पोटात कालवायला नको? दगड आहेस, दगड!" खांद्यावरची शाल काढून तिनं भावजयीच्या हातात कोंबली. "मी काय, बहीण पडले. तू घाल."

पलीकडच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचं अचानक बिनसलं होतं, सगळ्या नर्स तिकडे धावल्या होत्या. बायकोनं शाल त्याच्या अंगावर घातली, पायांखाली नीट खोचली. थरथर हळूहळू थांबली.

"बघ, कसा निवला माझा राजा," म्हणत नणंदेनं डोळे पुसले.

नर्स परतली तेव्हा ताप भडकला होता. तिनं शाल ओढून फेकली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कुणी घातली ही?"

"हिनं," नणंद म्हणाली. "मी नको नको म्हणत होते."

बायकोनं आपल्या हातांकडे पाहिलं. शाल घालणारे हात तर तिचेच होते.

सुतार वाचला. घरी आला तो लहान मुलासारखा. रंधा हातात दिला तर चाटून बघायचा. "शालीमुळेच झालं असं नाही, कदाचित हे होणारच होतं," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्या 'कदाचित'ला घरात कुणी विचारलं नाही.

नणंद रोज येते, उशाशी बसते, त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणते, "हिनं केलं रे तुझं असं. हिनं."

सुताराला स्वतःचं नाव आठवत नाही. हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. बायकोनं घास पुढे केला की तो ओठ मिटून तोंड फिरवतो, आणि ताईनं भरवल्याशिवाय जेवत नाही.