सत्कारानंतर सिनेमा

जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनमध्ये बंगाल्यांची तीनच घरं, म्हणून २०१४ साली सुप्रीती लाहिरी आमच्या मराठी मंडळाच्या वाट्याला आल्या. एकतीस वर्षं बाई बंगाली पडद्यावर सोशिक सून म्हणून रडल्या. मग म्हणाल्या, पुरे. आणि स्वतःच दिग्दर्शक होऊन सिनेमा काढला. त्यातली सून शेवटची वीस मिनिटं बोलते.

"दादा, तेवढ्यासाठी बाकीचा सिनेमा केलाय," त्यांनी मला गाडीत सांगितलं. आठ महिने तो कुणी घेतला नव्हता. त्या दिवशी जर्मन टीव्हीसाठी चित्रपट निवडणाऱ्या फ्राऊ क्रेमर मुद्दाम बघायला येणार होत्या.

हॉल दोन ते पाच. सिनेमा दोन तासांचा. मंडळात सगळे इंजिनियर. त्यांनी उरलेला तास चोखपणे सत्काराला दिला. शाल, श्रीफळ, नंदिनीवहिनींचं स्वागतगीत, अध्यक्ष पद्माकररावांचं प्रास्ताविक. बाईंच्या जुन्या भूमिकांवर चौघे बोलले; त्या एकानेही पाहिल्या नव्हत्या. "काका, आता तुम्ही. आटोपशीर हं!" सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली. मी आटोपशीरच बोललो. बावीस मिनिटं. लोक हसत होते, मग थांबवेना.

सिनेमा सुरू झाला तीन वाजून वीस मिनिटांनी. बरोबर पाचला ज्येष्ठांचा व्यायामवर्ग गाद्या घेऊन आत आला आणि हॉल सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरने दिवे लावले. पडद्यावर सून नुकती तोंड उघडत होती. पद्माकररावांनी प्रोजेक्टर बंद केला. वेळ म्हणजे वेळ.

टाळ्या पडल्या.

"अहो, संपला?" नंदिनीवहिनींनी विचारलं.

"आर्ट फिल्म आहे गं. अशाच संपतात," त्यांचे यजमान म्हणाले.

सुप्रीतीबाई धावत पुढे आल्या, तोच फ्राऊ क्रेमरनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काय शेवट केलात! ती तोंड उघडते, आणि बस! दुसऱ्या कुणी तिला भाषण करायला लावलं असतं. हा आम्ही घेणार."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला अचानक एका आजोबांना गादी पसरायला मदत करावीशी वाटली.

"हो," मागून बाईंचा आवाज आला. "तिथेच संपतो."

पद्माकररावांनी लगेच जाहीर केलं की हे मंडळामुळे घडलं. खोटं कसं म्हणणार?

पुढल्या वर्षी सिनेमा जर्मन टीव्हीवर लागला. एक तास चाळीस मिनिटांचा. मंडळाने बाईंना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मजकूर माझाच होता. उत्तर आलं नाही.